आधी पाऊल कोण टाकणार?

मालवण तालुक्यातल्या आचरे गावात काही वर्षांनी एकदा देव रामेश्वराचा कौल होतो आणि अख्खं गाव घरांना कुलपं घालून वेशीबाहेर जातं. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर. माळावर खोपी उभ्या राहतात, चुली मांडल्या जातात आणि तीन दिवस तीन रात्री गावात माणूस दिसत नाही. परत यायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावर. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही अशी गावपळण आहे. हिंदू घरांबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती घरंही बाहेर पडतात. त्यासाठी कुणी नोटीस काढत नाही की पोलीस लावत नाही.

हे कसं जमतं, याचं एक उत्तर श्रद्धा. ते खोटं नाही, पण पुरतही नाही. एवढ्या माणसांत कौलावर फारसा विश्वास नसलेली थोडीतरी असणारच. तीही जातात, कारण सगळे जातात. आणि सगळे जाणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. एकटं मागे राहून करायचं काय? दुकान बंद, शेजार बंद, आणि नंतर चार वर्षं टोमणे.

समूह कसा वागतो याचा अभ्यास करणारी मंडळी गेली शंभर-सव्वाशे वर्षं या एका प्रश्नाभोवती फिरत आली आहेत. माणूस काय करायचं ते ठरवताना स्वतःचं मत तर बघतोच, पण त्याहून जास्त 'बाकीचे काय करतील' याचा अंदाज घेतो. समाज बदलतो तेव्हा लोकांची मतं एका रात्रीत पालटलेली नसतात. बऱ्याचदा मतं आधीच बदललेली असतात, पालटतो तो एकमेकांबद्दलचा अंदाज. चळवळीचं मुख्य काम मला तरी हेच वाटतं. भाषणं, घोषणा, झेंडे हा त्याचा दिसणारा भाग.

हे पूर्वी असं समजलं जात नव्हतं. 1895 साली गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने मांडलं की गर्दीत शिरला की माणूस आपली अक्कल हरवून बसतो, जंगली होतो. राज्य करणाऱ्यांना हा सिद्धान्त आवडला यात नवल नाही. लोकांना वेड लागलंय असं एकदा म्हटलं की त्यांचं निवेदन वाचायची गरज उरत नाही. आजही तहसील कचेरीवर मोर्चा गेला की 'बाहेरच्यांनी भडकावलं' हे वाक्य तयारच असतं.

या समजुतीला धक्का देणाऱ्यांत मार्क ग्रॅनोव्हेटर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ येतात. त्यांनी 1978 साली एक साधं गणित मांडलं. ते असं. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो: आधी किती जण उतरले की मी उतरेन. सभेला 100 माणसं बसली आहेत असं धरा. पहिल्याचा उंबरठा शून्य, म्हणजे तो कुणाची वाट न बघता उठून बोलणार. दुसऱ्याला एक सोबती लागतो, तिसऱ्याला दोन, असं करत शंभराव्याला 99. पहिला उठतो, त्याला बघून दुसरा, त्या दोघांना बघून तिसरा, आणि बघता बघता सगळी सभा उभी. आता यात एकच बदल करा. ज्याला एक सोबती पुरत होता तो माणूस काढा आणि त्याच्या जागी दोन सोबती लागणारा बसवा. पहिला उठतो. दुसरा कुणी उठत नाही. सभा संपते आणि लोक घरी जाताना म्हणतात, 'तो जरा वेडाच आहे.'

दोन्ही सभांमधली 99 माणसं तीच. पण पेपरात पहिलं गाव जागृत ठरेल आणि दुसरं मुर्दाड. निकालावरून लोकांच्या मनातलं ओळखता येत नाही, हा या गणिताचा सगळ्यात उपयोगी भाग. गाव गप्प आहे म्हणजे खूश आहे असं नाही, आणि पेटलं म्हणजे प्रत्येक जण पेटला होता असंही नाही.

तो शून्य उंबरठ्याचा माणूस मात्र सोपा नसतो. त्याला काय मोजावं लागतं याचा कोकणातला दाखला दापोलीजवळच्या मुरूडचा आहे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 सालीच मिळाली होती. त्यानंतर 37 वर्षांनी, मार्च 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मग ते आपल्या गावी आले, तर मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. झळ एकट्या कर्व्यांना बसली नाही, घरच्यांनाही बसली. कायदा बाजूने होता, पण कायदा काही पंगतीला शेजारी येऊन बसत नाही. याच कर्व्यांना 1958 साली भारतरत्न मिळालं.

त्या वेळी मुरूडात त्यांच्याशी मनातून सहमत असलेले किती होते? कळायला मार्ग नाही, कारण सहमत असलेल्यानेही बहिष्कारच पाळला असणार. अर्थतज्ज्ञ तिमूर कुरान यांनी या लपवाछपवीवर बरंच काम केलं आहे. लोक मनात एक ठेवतात आणि चारचौघांत दुसरं बोलतात. मग प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच असे. एखादी रूढी कुणालाच नको असूनही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकते ती अशी. आणि मग अचानक कोसळते. नंतर जो तो सांगत सुटतो, 'मला तर ते कधीच पटत नव्हतं.' यातले पुष्कळ जण खरंच बोलत असतात.

एका सोबत्याची किंमत किती, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसलं. दोन कार्डांवरच्या रेघांची लांबी जुळवून सांगायची, पोरखेळ. पण खोलीतली बाकीची माणसं ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्याच्यावर खरा प्रयोग चालला होता त्या माणसाची पाळी आली की साधारण तीनांतल्या एका वेळी तोही चुकीच्या बहुमताबरोबर जाई. त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारा फक्त एक माणूस ठेवला, तर हे प्रमाण धाडकन खाली येई. बहुमत तेवढंच मोठं, चूक तेवढीच उघड. फरक एवढाच की आता आपण एकटे नव्हतो.

आता महाडकडे येऊ. समूहाने बदल कसा घडतो हे समजून घ्यायला जगात जी थोडी उत्तम उदाहरणं आहेत, त्यांतलं एक मुंबई-गोवा हायवेवर आहे, आणि आपण गणपतीला जाताना तिथे वडापाव खाऊन पुढे जातो.

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने, चवदार तळं सर्वांना खुलं केलं. म्हणजे कागदावर प्रश्न सुटला होता. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत. पण अस्पृश्य मानलेल्या समाजातलं कुणी तीन वर्षं तिकडे फिरकू शकलं नाही.

उंबरठ्याच्या हिशेबात याचा अर्थ लागतो. तळ्यावर एकटा गेलेला माणूस मार खाणार, आणि संध्याकाळी त्याच्या घरच्यांना गावात धान्य मिळणार नाही, हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. हक्क सगळ्यांना मिळणार, हाडं एकाची मोडणार. अशा वेळी शहाणा माणूस दुसऱ्याची वाट बघतो. सगळेच शहाणे असले की तळं तसंच राहतं.

20 मार्च 1927 ला जे झालं त्याने हा हिशेब मोडला. कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे रांगेने बाजारपेठेतून तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. बातमी म्हणून हे एका वाक्यात संपतं. पण तिथपर्यंत यायला जी बांधणी लागली ती बघण्यासारखी आहे. रा. बा. मोरे यांच्यासारखे महाड परिसरातलेच तरुण कार्यकर्ते परिषदेसाठी गावोगाव फिरले होते. कोकणातल्या महार समाजात पलटणीतून निवृत्त झालेल्यांची जुनी परंपरा होती. महाडजवळच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच, त्यांनी एकोणिसाव्या शतकातच अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली होती. मुंबईत गिरण्यांत आणि गोदीत असलेले चाकरमानी गावाशी जोडलेले होते. शिवाय टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे वरच्या जातींतले सोबती होते. अभ्यासक याला साधनांची जुळवाजुळव म्हणतात. अन्याय तर शेकडो वर्षं होताच. तेवढ्याने चळवळ होत नाही. ओळखीपाळखी, पैसा, जागा, निरोप पोचवणारी माणसं असावी लागतात.

त्याच दिवशी उंबरठ्याचं गणित उलट बाजूनेही चाललं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली. लाठ्या घेतलेला जमाव जेवायला बसलेल्या प्रतिनिधींवर चालून गेला. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. परिषदेला आलेल्यांत लष्करात काम केलेले लोक होते, ते चवताळले होते, आणि बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. ही नुसती सहनशीलता समजू नये. त्यात डावपेच होता. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या राजकारणाच्या अभ्यासकांनी 1900 ते 2006 या काळातल्या 323 मोठ्या संघर्षांचा अभ्यास केला. त्यात अहिंसक मोहिमा सुमारे 53 टक्के वेळा यशस्वी झाल्या, हिंसक सुमारे 26 टक्के. त्यांनी दिलेलं मुख्य कारण नैतिक नाही, हिशेबी आहे. हाणामारी सुरू झाली की बायका, म्हातारे, पोटापाण्याची काळजी असलेले लोक मागे सरतात आणि संख्या घटते. यातून निघालेला 'साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सरकार पडतं' हा आकडा अलीकडे फार फिरतो. तो देशातली राजवट बदलण्याच्या मोहिमांबद्दल आहे. आपल्या तालुक्याच्या लोकसंख्येला साडेतीन टक्क्यांनी गुणून काही हाती लागायचं नाही.

महाडात पुढे काय झालं? तळं शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली तेव्हा सभेला हिंदूंकडून जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. मुंबईहून येताना बाबासाहेबांनी धरमतरचा मार्ग टाळला आणि बोटीने दासगाव बंदर गाठलं. कारण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकलाच, तर दासगावहून महाडला चालत जाता येतं. मला हा तपशील फार आवडतो. चळवळ म्हटलं की आपल्याला व्यासपीठ आठवतं, पण तिचं अर्धं आयुष्य गाड्या आणि जेवणाची भांडी यांत जातं. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावर पुन्हा जायचं मात्र, कोर्टाने मनाई दिल्यामुळे, त्या वेळी थांबवण्यात आलं. खटला चालत राहिला आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: तळ्याचं पाणी अस्पृश्यांना घेता येईल.

1923 ते 1937. ठराव, पाऊल, मार, माघार, दावा, निकाल. चौदा वर्षांत एकही टप्पा दुसऱ्याशिवाय पुरला नसता. कायद्याने समाज बदलतो की चळवळीने, या वादात पडणाऱ्यांनी महाडचा नुसता घटनाक्रम वाचावा.

आता दुसरी अडचण. समजा लोक निघाले. ते टिकायचे कसे?

मॅन्सर ऑल्सन या अर्थतज्ज्ञांनी 1965 मध्ये एक खवचट प्रश्न विचारला. ज्याचा फायदा सगळ्यांना होणार त्यासाठी मी का झिजू? रस्ता झाला तर मोर्चाला न गेलेलाही त्यावरून जाणार. तेव्हा दुसऱ्यांना उन्हात उभं राहू दे, मी घरी बसतो. असा विचार सगळ्यांनी केला की काहीच होत नाही. कोकणात याचं एक जुनं उत्तर किनाऱ्यावर दिसतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला दोन्ही टोकांना बरीच माणसं लागतात. मासळीचे वाटे तिथेच वाळूत पडतात, आणि कोण दोराला होता, कोण नुसता बघत होता, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. माणसं ओळखीची, काम उघड्यावर, वाटा ताबडतोब. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. जंगल, पाणी, मासळी यांसारखी सामाईक संपत्ती लोक सरकारशिवाय आणि मालकाशिवायही सांभाळू शकतात, हे त्यांनी जगभरची उदाहरणं तपासून दाखवलं.

पण रापणीचा वाटा त्याच दिवशी मिळतो. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांना तो अनेक वर्षं मिळणार नव्हता.

खोत म्हणजे काय हे आता आडनावापुरतं उरलंय, म्हणून थोडक्यात सांगतो. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत. तो सरकारात सारा भरणार आणि कुळांकडून खंड वसूल करणार. किती वसूल करणार, याला प्रत्यक्षात धरबंध नसे. भाताच्या खंडाखेरीज फुकटची वेठ, सणावाराच्या भेटी, आणि कूळ कधीही काढून टाकण्याची मुभा. 27 ऑक्टोबर 1933 ला चरी गावात सभा झाली. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने परिसरातल्या 25 गावांच्या कुळांनी ठरवलं: जमीन कसायची नाही.

संप म्हटलं की गिरणी डोळ्यांसमोर येते. कामगार संपावर गेला तर मालकाचं यंत्र थांबतं. इथे शेतकऱ्याने संप केला म्हणजे स्वतःच्याच ताटातला भात थांबवला. त्यात हा खारेपाट, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. शेत ओसाड टाकलं की बांधाकडे दुर्लक्ष होतं, बांध फुटला की खाडीचं पाणी आत, आणि मग ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही वर्षं जातात. ऑल्सन यांचा प्रश्न इथे अगदी धारदार होतो. चोवीस गावांनी जमीन टाकली आणि पंचविसाव्या गावातल्या एका घराने गुपचूप खोताशी बोलणी केली, तर त्या घराचं भलं आणि संपाचं वाटोळं. आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी भुकेलं पोर होतंच.

तरीही हा संप 1939 पर्यंत चालला. लोक लाकूडफाटा विकून, खाडीतली मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून राहिले. तो टिकला याचं श्रेय निव्वळ जिद्दीला देऊन चालणार नाही, जिद्द तर हरलेल्या संपांतही असते. ही माणसं एकाच पट्ट्यातली, एकमेकांच्या सोयरिकीतली होती. फुटणाऱ्याला उद्या त्याच देवळात, त्याच लग्नात तोंड दाखवायचं होतं. आणि खाडी, जंगल, मजुरी हे खोताच्या हातात नसलेले पोटाचे दुसरे मार्ग होते. संपाचा अभ्यास करताना मागण्यांची यादी सगळे वाचतात. ते लोक जेवत काय होते, हे फार थोडे विचारतात.

चरीचा दाब मुंबईपर्यंत पोचला. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. 1939 च्या कूळकायद्याने काही कुळांना संरक्षण दिलं, आणि खोती कायद्याने संपली ती 1949 च्या खोती निर्मूलन कायद्याने. ज्यांनी 1933 साली हात वर केला होता, त्यांतल्या कित्येकांनी तो दिवस पाहिला नसेल.

इथपर्यंत वाचून गावकीबद्दल फार प्रेम दाटून आलं असेल, तर थांबा. चरीत फुटणाऱ्याला जी लाज आडवी आली तीच लाज, तीच सोयरीक, तोच देवळातला मान दुसऱ्या कामालाही जुंपता येतो. गावकीचा निर्णय मानला नाही, पालखीच्या मानावरून वाद घातला, जातीबाहेर लग्न केलं, निवडणुकीला भलत्याच माणसाबरोबर उभा राहिला, अशा कारणांवरून घरं वाळीत टाकली जातात. किराणा नाही, हाक नाही, मयताला खांदा नाही. रायगड जिल्ह्यातून दहा-बारा वर्षांपूर्वी अशी प्रकरणं इतकी पुढे आली की स्वतंत्र कायद्याची मागणी जोर धरू लागली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा 2016 चा, तो 2017 पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथे पुन्हा तेच गणित. वाळीत टाकलेल्या घराशी बोलायला गावातले अनेक जण तयार असतात, पण पहिलं कुणी बोलायचं? बोलेल त्यालाही वाळीत. म्हणून बहिष्कार मोजक्या दांडग्या माणसांच्या जिवावर वर्षानुवर्षं चालू शकतो, बाकीचं काम एकमेकांची भीती करते. समूहाची ताकद आपोआप न्यायाच्या बाजूला जाते असं मानणारे कधी छोट्या गावात राहिलेले नसतात, असं माझं मत झालं आहे.

मोर्चा न काढता, कुणाला वाळीत न टाकताही रीत बदलते. मंडणगड तालुक्यातलं वेळास हे त्याचं शांत उदाहरण. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात, आणि ती अंडी उकरून नेणं ही साधी, सवयीची गोष्ट होती. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. काही वर्षांनी कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्याच घरांत उतरू लागले, उकडीचे मोदक आणि सोलकढी यांना भाव आला. मग हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरलं. व्याख्यानांनी हे कितपत झालं असतं, मला शंका आहे. राखण करणारे गावातलेच होते, आणि अंड्यांची चोरी म्हणजे आता शेजारणीच्या घरच्या पाहुण्यांची चोरी ठरू लागली.

डेमन सेंटोला या समाजशास्त्रज्ञांचा 2018 मधला एक प्रयोग सांगतो की गटातल्या साधारण चौथ्या हिश्शाने एखादी नवी रीत नेटाने धरली, तर बाकीचेही तिकडे वळू शकतात. प्रयोग संगणकावरच्या छोट्या गटांवर होता, त्यामुळे 25 हा आकडा गावाला जसाच्या तसा लावू नये. एवढं मात्र खरं की त्यासाठी बहुमत लागत नाही. नेटाने धरणारे लागतात.

उरणची कथा वेगळी आहे, तिथे आठवण काम करते. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि माणसं हुतात्मा झाली. गावात त्यांचं स्मारक आहे, दर वर्षी तिथे लोक जमतात. त्याच तालुक्यात 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईसाठी जाणाऱ्या जमिनींबद्दल शेतकरी उतरले. पुन्हा गोळीबार, 5 शेतकरी हुतात्मा. चार्ल्स टिली या इतिहासकाराचं म्हणणं होतं की लोक लढण्याची रीत शून्यातून शोधत नाहीत, आजोबांनी वापरलेली उचलतात आणि थोडी बदलतात. त्या आंदोलनातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. उरण-पनवेलमध्ये 'साडेबारा टक्के' एवढंच म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं. भूखंड हाती यायला अनेकांची उमर गेली, हेही त्याच दोन शब्दांत कळतं.

लढून मिळालेला विजय नेहमी पक्का नसतो. राजापूर तालुक्यातल्या नाणारचा रिफायनरी प्रकल्प विरोधामुळे अडला आणि जमिनीची अधिसूचना मार्च 2019 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, रद्द झाली. स्थानिक विरोध, मुंबईतल्या चाकरमान्यांची साथ आणि सत्तेतल्या दोन पक्षांची युती जुळवण्याची घाई, हे तिन्ही एका वेळी जमून आलं. विरोध आधीही होताच, दार उघडायची वेळ निवडणुकीने ठरवली. पण प्रकल्प संपला नाही, त्याच तालुक्यातल्या बारसू-सोलगावकडे सरकला. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यामुळे आंबा-मासळीच्या लढ्याला एकदम इतिहासाचे अभ्यासकही येऊन मिळाले. प्रकल्प हवा असलेले लोकही तिथेच राहतात, जमीन द्यायला तयार असलेलेही. 'गाव विरुद्ध कंपनी' अशी बातमी वाचताना गावाच्या आत किती उंबरठे आहेत ते दिसत नाही.

फोन आल्यापासून यात काय बदललं? निरोप पोचवायला आता गावोगाव फिरावं लागत नाही. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री मेसेज पडला की सकाळी तो दुबईत आणि डोंबिवलीतही पोचलेला असतो. दुसरे आपल्यासारखाच विचार करतात, हे कळणं स्वस्त झालं. पण स्वस्त झाल्यामुळेच त्याचं वजन घटलं. अंगठा दाखवणाऱ्या 200 जणांपैकी सोमवारी रजा टाकून प्रांत कचेरीत येणारे किती, हे अंगठ्यावरून सांगता येत नाही. झेनेप तुफेकची या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अलीकडच्या आंदोलनांबद्दल म्हटलं आहे की पूर्वी गर्दी जमवायला महिने लागत आणि त्या महिन्यांत संघटना घडे. आता गर्दी दोन दिवसांत जमते आणि तिसऱ्या दिवशी पुढचं कोण ठरवणार यावर अडते. महाडच्या रा. बा. मोरे यांना गावोगाव फिरायला लागलेले ते दिवस फुकट गेले नव्हते.

या सगळ्याचं एक टोक अगदी जवळच्या, कंटाळवाण्या जागी येऊन मिळतं: ग्रामसभा. प्रकल्प असो, दारूबंदी असो की स्मशानाचा रस्ता, गावाचं म्हणणं सरकारदप्तरी उमटतं ते तिच्या ठरावातून. गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी ती पुरते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे चार हजार मतदारांच्या गावाचा ठराव त्या दिवशी समाजमंदिरात आलेले पंचवीस जण करू शकतात. ते पंचवीस जण बहुतेक वेळा ठरलेले असतात, आणि सभेची नोटीस कधी लागते यावर त्यांचं बारीक लक्ष असतं.